मराठी मातृभाषा असेल तर स्वीडिश व्याकरण कोणत्या क्रमाने शिकावं?

प्रश्न थोडक्यात असा: मातृभाषा मराठी, इंग्रजी कामापुरतं चांगलं, स्वीडनला राहायला जायचं ठरलंय आणि स्वीडिश शून्यापासून शिकायचंय. व्याकरणातलं आधी काय घ्यावं आणि रोजच्या साध्या वाक्यांत ते कसं बसवावं?

शब्दांची रूपं तुम्हाला फारशी जड जाणार नाहीत, वाक्यातला क्रम जड जाईल. ज्याच्या तोंडात घोडा, घोड्याला, घोडे, घोड्यांना हे सगळं विचार न करता येतं, त्याला स्वीडिश प्रत्यय म्हणजे हलकं काम. पण मराठीत क्रियापद शेवटी जातं, आणि ते सोडून कर्ता-कर्म इकडचे तिकडे केले तरी चालतं. स्वीडिशमध्ये क्रियापदाची जागा ठरलेली असते. बरीच पुस्तकं नामांच्या तक्त्याने सुरू होतात. मराठी माणसाने मात्र क्रमापासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. आणि शक्य तिथे इंग्रजीला मध्ये घेऊ नये. काही ठिकाणी मराठीच स्वीडिशच्या जास्त जवळ आहे.

आधी उच्चार, थोडक्यात

खालची स्वीडिश वाक्यं देवनागरीत, उच्चाराच्या जमेल तेवढी जवळ लिहिली आहेत. स्वीडिश वर्णमालेत २९ अक्षरं आहेत: इंग्रजीतली २६ आणि शेवटी आणखी तीन. डोक्यावर कडं असलेला ए, दोन टिंबांचा ए आणि दोन टिंबांचा ओ. ही सजावट नाही, स्वतंत्र अक्षरं आहेत, शब्दकोशातही झेडनंतर येतात. 'हार' म्हणजे जवळ असणं, 'हेर' म्हणजे इथे, 'होर' म्हणजे डोक्यावरचे केस. लिहिताना तिन्हींत फरक फक्त मधल्या अक्षराचा: साधा ए, टिंबांचा ए, कड्याचा ए. टिंब गाळलं की शब्दच बदलतो. दोन टिंबांच्या ओला देवनागरीत अक्षर नाही. जीभ 'ए'च्या जागी ठेवायची आणि ओठ 'ओ'सारखे गोल करायचे. इथे तो 'ओ' असाच लिहिला आहे.

त, द, न हे स्वीडिशमध्ये दातांवरचेच आहेत, आपल्यासारखे. शब्दाच्या सुरुवातीच्या 'त'ला थोडा हकार असतो, एवढंच. इंग्रजीच्या सवयीने आपण तिथे 'ट' लावतो, ते सोडायचं. मग ट, ड, ण कुठे येतात? 'र'नंतर त, द किंवा न आला की दोन्ही मिळून मूर्धन्य वर्ण होतो. मूल या अर्थाचा शब्द लिहायचा 'बार्न', म्हणायचा 'बाण'. टेबल लिहायचं 'बूर्द', म्हणायचं 'बूड'. इतर परदेशी विद्यार्थी या ध्वनींशी महिनोन्महिने झगडतात, तुम्हाला ते आयतेच मिळाले आहेत. दक्षिणेकडच्या स्कोने भागात आणि फिनलंडमधल्या स्वीडिशमध्ये मात्र हे होत नाही.

स्वराच्या लांबीकडे लक्ष हवं. व्यंजन दोनदा लिहिलं असेल तर आधीचा स्वर ऱ्हस्व. 'ग्लाऽस' म्हणजे पेला, 'ग्लास्स' म्हणजे आइस्क्रीम. चढ-उताराचं सुरेल वळण, ज्यासाठी स्वीडिश ओळखली जाते, ते ऐकून ऐकून येईल. पहिल्या वर्षी त्यामागे लागू नका.

कर्ता गाळायचा नाही, क्रियापद वाकवायचं नाही

सर्वनामं: या (मी), दू (तू), हान (तो), हून (ती), वी (आम्ही आणि आपण दोन्ही), नी (तुम्ही, अनेकजण), दॉम (ते, त्या, ती). वस्तूंसाठी देन आणि दे. 'हेन' हे लिंगनिरपेक्ष सर्वनाम स्वीडिश अकादमीच्या शब्दसूचीत २०१५ साली आलं आणि आता वर्तमानपत्रांत, सरकारी कागदांत दिसतं.

आदरार्थी बहुवचनाची सवय इथे सोडावी लागते. डॉक्टर, साहेब, शिक्षिका, शेजारच्या आजी, सगळ्यांना 'दू'. हे जुनं नाही. १९६७ साली वैद्यकीय प्रशासनाचे प्रमुख झालेले ब्रूर रेक्सेद यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना 'दू' म्हणणार असं जाहीर केलं, आणि त्या सुमारास बदलत असलेली पद्धत देशभर पक्की झाली. एका माणसाला 'नी' म्हणाल तर आदर पोचेलच असं नाही. काही वयस्कर लोकांना ते उलट परकेपणाचं वाटतं.

क्रियापद पुरुष, लिंग, वचन यांपैकी कशानेही बदलत नाही:

या द्रिकेर काफे. – मी कॉफी पितो / पिते.
हून द्रिकेर काफे. – ती कॉफी पिते.
दॉम द्रिकेर काफे. – ते कॉफी पितात.

'पितोय' आणि 'पितो' यांनाही एकच रूप. पण याची किंमत एका ठिकाणी मोजावी लागते. मराठीत 'जेवलास?' एवढं पुरतं, कारण 'लास' सांगतो की 'तू'. स्वीडिश क्रियापद काहीच सांगत नाही, म्हणून कर्ता बोलावाच लागतो: हार दू एतित?

जिथे कर्ता सुचतच नाही तिथे 'दे' घालायचा. पाऊस पडतोय: दे रेंग्नार. बाहेर थंडी आहे: दे ए काल्त. इथे औषधांचं दुकान आहे: दे फिन्स एत आपूतेक हेर. नुसतं 'रेंग्नार' म्हटलं तर वाक्य अर्धवट राहतं. ओळख करून देतानाही हाच 'दे' येतो, समोर माणसं असोत, अनेक असोत: दे ए मीना बाण, ही माझी मुलं.

क्रियापद दुसऱ्या जागी

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. साध्या विधानात क्रियापद नेहमी दुसऱ्या जागी असतं. दुसरा शब्द नव्हे, दुसरी जागा. पहिल्या जागी चार-पाच शब्दांचा तुकडाही असू शकतो. एकच वाक्य घेऊन बघा:

या द्रिकेर काफे इ शोकेत पो मॉरोनेन. – मी सकाळी स्वयंपाकघरात कॉफी पितो.

आता 'पो मॉरोनेन' म्हणजे सकाळी, हा तुकडा पुढे आणा:

पो मॉरोनेन द्रिकेर या काफे इ शोकेत.

स्वयंपाकघर पुढे आणा:

इ शोकेत द्रिकेर या काफे पो मॉरोनेन.

कॉफीवर जोर द्यायचा असेल तर:

काफे द्रिकेर या पो मॉरोनेन.

चारही वाक्यांत 'द्रिकेर' हललेलं नाही. पुढे काहीही आलं की कर्ता 'या' क्रियापदाच्या मागे जातो. आपल्याकडून होणारी नेहमीची चूक: 'पो मॉरोनेन या द्रिकेर काफे.' यात क्रियापद तिसऱ्या जागी गेलं. ही चूक मराठी आणि इंग्रजी दोघी मिळून करवतात, कारण दोन्हींत काळाचा शब्द पुढे आणला तरी कर्ता त्याच्या लगेच मागे येतो. म्हणून ती सहज सुटत नाही, वाक्यं मोठ्याने फिरवून फिरवूनच सुटते. रोज पाच वाक्यं घ्यायची आणि प्रत्येकाचा एकेक तुकडा पुढे आणून म्हणायचा. पंधरा मिनिटं पुरतात.

पहिल्या जागी अख्खं उपवाक्यही बसतं, आणि तिथे भले भले चुकतात:

नेर या कॉमेर हेम द्रिकेर या ते. – मी घरी आलो की चहा पितो.

'नेर या कॉमेर हेम' हा सगळा मिळून एक तुकडा, त्याच्या लगेच मागे मुख्य क्रियापद. दोन क्रियापदांमध्ये फक्त 'घरी' हा शब्द उरतो, ते कानाला विचित्र वाटतं, पण बरोबर तेच.

'ओ' (आणि), 'मेन' (पण), 'एलेर' (किंवा) हे मात्र जागा अडवत नाहीत. मेन इदाग एतेर या फिस्क: 'मेन' मोजायचा नाही, 'इदाग' पहिली जागा, 'एतेर' दुसरी.

प्रश्न याच नियमातून निघतो. हो-नाही प्रश्नात क्रियापद सरळ पुढे: द्रिकेर दू काफे? प्रश्नशब्द असला की तो पहिला, क्रियापद दुसरं: वार बूर दू? – कुठे राहतोस? 'पितोस का?' मधल्या शेवटच्या 'का'साठी वेगळा शब्द नाही, इंग्रजीसारखं सहायक क्रियापदही नाही. वाक्याच्या शेवटी ठिकाण आधी, वेळ नंतर, हे आपल्या उलट आहे, तेही कानाला लावून घ्या.

नकारार्थी प्रश्नाचं उत्तर देताना जपा. 'द्रिकेर दू इंते काफे?' म्हणजे तू कॉफी पीत नाहीस? मराठीत आपण 'हो, नाही पीत' म्हणतो. स्वीडिशमध्ये पीत नसाल तर 'नेय' म्हणायचं. पीत असाल तर 'या' (इथे 'मी' नव्हे, साधं 'हो') नव्हे, 'यू'. हा 'यू' म्हणजे आपलं 'पितो की!' समोरच्याचा नकार खोडणारा होकार. डॉक्टरने 'तुम्हाला कसली ॲलर्जी नाही ना?' विचारलं तर यातली गल्लत महागात पडू शकते.

'इंते' कुठे ठेवायचा

'इंते' म्हणजे नाही. मुख्य वाक्यात तो क्रियापदाच्या मागे: या एतेर इंते फिस्क, मी मासे खात नाही. कर्ता मागे गेला असेल तर 'इंते' त्याच्याही मागे: इदाग एतेर या इंते फिस्क. दोन क्रियापदं असतील तर पहिल्याच्या मागे, दुसऱ्याच्या पुढे: या विल इंते द्रिका काफे, मला कॉफी नको आहे.

उपवाक्यात मात्र 'इंते' क्रियापदाच्या आधी येतो:

हान एतेर इंते फिस्क. – तो मासे खात नाही.
या वेत आत हान इंते एतेर फिस्क. – तो मासे खात नाही हे मला माहीत आहे.

'आत' (की), 'ऑम' (जर), 'एफ्तेषॉम' (कारण), 'नेर' (जेव्हा), 'सॉम' (जो) यांपैकी काही दिसलं की समजायचं, आता उपवाक्य सुरू झालं: आधी कर्ता, मग 'इंते', मग क्रियापद. स्वीडनमधल्या वर्गात हा नियम 'बिफ' या आद्याक्षरी नावाने शिकवतात. तिथे पहिल्या काही महिन्यांत हा शब्द कानावर येईलच. 'नेहमी' (आल्तिद), 'कधीच नाही' (आल्द्रिग), 'बऱ्याचदा' (ऑफ्ता) हे शब्दही 'इंते'च्याच जागी बसतात. एक नियम शिकलात की चार शब्दांची सोय झाली.

पोटात प्रश्न असलेलं वाक्यही उपवाक्यच: या वेत इंते वार हान बूर, तो कुठे राहतो मला माहीत नाही. 'वार बूर हान' हा क्रम फक्त थेट प्रश्नाचा. आणि प्रश्नशब्द स्वतःच कर्ता असेल तर मागे 'सॉम' लागतो: या वेत इंते वेम सॉम कॉमेर, कोण येणार आहे मला माहीत नाही.

'मला'ने सुरू होणारी वाक्यं

मराठीत भूक, ताप, आवड, गरज सगळं 'मला' होतं. स्वीडिशमध्ये ते बहुतेक 'या'ने सुरू होतं, पण पुढचं क्रियापद दर वेळी वेगळं. शब्दशः नेऊ नका, वाक्यंच्या वाक्यं उचला:

मला भूक लागली आहे – या ए हुंग्रिग.
मला ताप आहे – या हार फेबेर.
माझं डोकं दुखतंय – या हार उंत इ हूवुदेत.
मला थंडी वाजते – या फ्रीसेर.
मला एक भाऊ आहे – या हार एन ब्रूर.
मला चहा आवडतो – या तिकेर ऑम ते. (जोर 'ऑम'वर.)
मला जावं लागेल – या मोस्ते गो.

शेवटच्या वाक्यातला 'गो' जपून वापरा. तो पायी जाण्यासाठी किंवा निघण्यासाठी. बस, आगगाडी, विमान असेल तर 'ओका': या ओकेर तिल स्तॉकहॉल्म. इथे 'या गोर' म्हणालात तर ऐकणाऱ्याला वाटेल, तुम्ही चालत निघालात.

'मोस्ते', 'विल', 'कान' (शकणं), 'स्का' (ठरलेलं भविष्य), 'फोर' (परवानगी असणं) यांच्यामागे क्रियापदाचं मूळ रूप येतं, मध्ये 'आत' नाही. 'करू नका' साठी 'फोर इंते', 'करायची गरज नाही' साठी 'बेहोवेर इंते'. 'मोस्ते इंते' नवशिक्याने टाळलेलंच बरं, त्याचा अर्थ डळमळीत आहे. भविष्यकाळासाठी बहुतेक वेळा वर्तमानच पुरतो: या कॉमेर इमॉरोन, उद्या येतो. अगदी मराठीसारखं.

नामं: 'एन' की 'एत'

मराठीत तीन लिंगं, स्वीडिशमध्ये दोन. जुन्या स्वीडिशमध्येही तीन होती. पुल्लिंग-स्त्रीलिंग मिळून एक झालं, त्याला 'एन' लागतो. नपुंसकलिंगाला 'एत'. साधारण तीन-चतुर्थांश नामं 'एन'ची, तेव्हा अडलात तर 'एन' म्हणा. माणसं आणि प्राणी बहुतेक 'एन', पण 'बाण' (मूल) आणि 'यूर' (प्राणी) हे 'एत'. यापलीकडे भरवशाचा नियम नाही. वहीत 'बूक' असं लिहू नका, 'एन बूक' लिहा. नंतर लिंग आठवून जोडत बसणं दुप्पट कष्टाचं आहे.

'ते ठरावीक पुस्तक' म्हणायचं तर 'एन' उडी मारून मागे जाऊन चिकटतो: एन बूक, बूकेन. एत हूस (एक घर), हूसेत (ते घर). 'घरात', 'घरावर' असे प्रत्यय मागे लावणाऱ्या आपल्याला यात नवल वाटू नये. इंग्रजीतून शिकणारे मात्र इथे अडखळतात, कारण ते पुढे शब्द शोधत बसतात.

अनेकवचनाचे पाच प्रकार आहेत. शेवटी 'आ' असलेली 'एन'ची नामं 'ऊर' घेतात: एन फ्लिका, फ्लिकूर (मुली). बरीचशी छोटी 'एन'ची नामं 'आर': एन बील, बीलार (गाड्या). बाहेरून आलेले, शेवटी जोर असलेले शब्द 'एर': एन रेस्तोरांग, रेस्तोरांगेर. स्वराने संपणारी 'एत'ची नामं 'न': एत एप्ले, एप्लेन (सफरचंदं). व्यंजनाने संपणारी 'एत'ची नामं काहीच घेत नाहीत: एत हूस, त्वो हूस. आपल्या 'एक घर, दोन घरं'पेक्षा सोपं. 'ती ठरावीक' अनेक असतील तर फ्लिकूणा, बीलाणा, रेस्तोरांगेणा, एप्लेना, हूसेन. ('एप्लेन' आणि 'हूसेन' यांचा शेवट सारखा दिसतो, पण पहिलं नुसतं अनेकवचन आहे, दुसरं 'ती घरं'. परीक्षेत हमखास गुण जाणारी जागा.) 'एन बूक'चं 'बोकेर' होतं, स्वर बदलतो, असे मोजके शब्द पाठच करायचे.

तर प्रत्येक नामाची चार रूपं. पहिल्या महिन्यात चाळीस नामं चारही रूपांसकट पक्की केलीत तर पुढची नामं कानानेच जागेवर पडतात. शंका आली तर स्वीडिश अकादमीच्या 'स्वेन्स्का डॉट एसई' या संकेतस्थळावर शब्द टाका, रूपं फुकट दिसतात.

कॉफीची एक गंमत इथे कामाची आहे. कॉफी हा पदार्थ 'एत'चा: काफेत ए वार्म्त, कॉफी गरम आहे. पण दुकानात एक कप मागताना 'एन काफे, ताक्क' म्हणतात, कारण मनात 'एन कॉप' असतो. 'कृपया'ला रोजच्या बोलण्यात स्वतंत्र शब्द नाही. शेवटचा 'ताक्क', म्हणजे आभार, तेच काम करतो.

विशेषणं आणि 'माझा'

मोठा, मोठी, मोठं यांची सवय असल्याने ही कल्पना नवी नाही. 'एन'बरोबर मूळ रूप, 'एत'बरोबर शेवटी त, अनेकवचनाला 'आ':

एन स्तूर बील. – मोठी गाडी.
एत स्तूट हूस. – मोठं घर. (लिहायचं 'स्तूर्त'.)
स्तूरा बीलार. – मोठ्या गाड्या.

'गाड्या मोठ्या आहेत' यातही बदल होतो: बीलाणा ए स्तूरा. मराठीतलं 'सुंदर' कधीच बदलत नाही. स्वीडिशमध्ये न बदलणारी विशेषणं थोडी, त्यातलं रोजचं म्हणजे 'ब्रा' (चांगलं).

'ती मोठी गाडी' म्हणताना खूण दोनदा लागते: देन स्तूरा बीलेन. पुढे 'देन', मागे 'एन', आणि विशेषणाला 'आ'. तिन्हींपैकी एक विसरलं की वाक्य लंगडतं. पण 'माझी' आली की नाम उघडं राहतं: मिन बील, मिन स्तूरा बील. 'मिन बीलेन' ही नवशिक्याची ठरलेली चूक. षष्ठीचंही तेच: आनास बील, आनाची गाडी. लिहिताना त्या 'स'च्या आधी इंग्रजीसारखी अपॉस्ट्रॉफी (वर लटकणारा स्वल्पविराम) नाही, काही नाही.

'आपला' आणि 'त्याचा' हा फरक मराठी माणसाला फुकट मिळतो. हान तार सिन बूक: तो आपलं पुस्तक घेतो. हान तार हान्स बूक: तो त्याचं, म्हणजे दुसऱ्या कोणाचं तरी, पुस्तक घेतो. 'सिन, सित, सीना' म्हणजे आपला 'आपला', फक्त तिसऱ्या पुरुषापुरता. इंग्रजीतून विचार केला की हा फरक दिसतच नाही आणि माणूस दुसऱ्याची बायको घेऊन फिरायला गेल्याचं वाक्य तयार होतं. 'मी आपलं पुस्तक घेतो' इथे मात्र 'मिन'. आणि 'सिन' कर्त्यात येत नाही: हान ओ हान्स ब्रूर, तो आणि त्याचा भाऊ.

भूतकाळ

'मी आंबा खाल्ला, मी भाकरी खाल्ली' असं कर्माकडे बघून बदलणारं क्रियापद सोडून आलेल्याला स्वीडिश भूतकाळ मोकळा वाटेल. एक रूप, सगळ्यांना. चार गट आहेत. क्रम वर्तमान, भूत, आणि 'हार'मागे येणारं रूप.

तालार, तालादे, तालात (बोलणं). हा सगळ्यात मोठा गट, नवी क्रियापदं इथेच येतात: गूगलार, गूगलादे.
रिंगेर, रिंग्दे, रिंक्त (फोन करणं) आणि लेसेर, लेस्ते, लेस्त (वाचणं). धातू क, प, स, त अशा कठोर व्यंजनाने संपत असेल तर 'दे'ऐवजी 'ते'.
बूर, बुद्दे, बुत्त (राहणं).
चौथ्यात स्वर बदलतो, आणि रोजची क्रियापदं नेमकी इथे आहेत: द्रिकेर, द्राक, द्रुकित (पिणं), एतेर, ओत, एतित (खाणं), स्क्रीवेर, स्क्रेव, स्क्रीवित (लिहिणं). 'गोर, यिक, गॉत' (जाणं) हे तर तिरपागडंच. अशी तीसेक पाठ करा, दिवसभराचं बोलणं भागेल.

वेळ सांगितली असेल तर साधा भूतकाळ: या ओत फिस्क इगोर, काल मासे खाल्ले. वेळ महत्त्वाची नसेल, परिणाम आत्ता आहे, तर 'हार': या हार एतित, माझं जेवण झालंय. 'मी दोन वर्षं इथे राहतोय' यात मराठी वर्तमान वापरते, स्वीडिश 'हार': या हार बुत्त हेर इ त्वो ओर. 'या बुद्दे इ पुणे इ त्वो ओर' म्हटलं तर ते राहणं संपलं.

घड्याळ

'हाल्व ओता'. 'हाल्व' म्हणजे अर्धा, 'ओता' म्हणजे आठ. हे साडेआठ नव्हे, साडेसात. आठाकडे अर्धं अंतर झालं, असा हिशोब. डॉक्टरची वेळ, मुलांची शाळा, सगळीकडे हा शब्द येतो, आणि इंग्रजी किंवा मराठी, कोणत्याही सवयीने ऐकलात तर तासभर उशिरा पोचाल. बाकी सरळ आहे: 'क्वाट ओवेर शू' सव्वासात, 'क्वाट इ ओता' पावणेआठ. पंचवीस आणि पस्तीस मिनिटं मात्र अर्ध्या तासावरून मोजतात: 'फेम इ हाल्व ओता' सात पंचवीस, 'फेम ओवेर हाल्व ओता' सात पस्तीस. फोनवर ऐकताना खात्री नसेल तर चोवीस तासांच्या आकड्यात परत विचारा, कोणी काही म्हणत नाही.

जोडशब्द तोडू नका

समास स्वीडिशमध्ये सलग लिहितात, कितीही लांब झाला तरी. 'शोक्सबूड' म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल. शेवटचा शब्द 'बूड' एतचा म्हणून सगळा शब्द एतचा. इंग्रजीची सवय शब्दांमध्ये जागा सोडायला लावते आणि अर्थ उलटतो: 'रोकफ्रित' सलग लिहिलं तर धूम्रपानाला बंदी, तोडून 'रोक फ्रित' लिहिलं तर खुशाल ओढा.

नातीही अशीच जोडून होतात, आणि इथे आपल्याला घरच्यासारखं वाटतं. 'मूरब्रूर' (आई-भाऊ) म्हणजे मामा, 'फारब्रूर' (वडील-भाऊ) म्हणजे काका, 'मूस्तेर' मावशी, 'फास्तेर' आत्या. आईची आई 'मूरमूर', वडिलांची आई 'फारमूर'. मामी आणि काकूंना मात्र वेगळे शब्द नाहीत.

स्वीडनमध्ये रहिवासी म्हणून नोंदणी झाली की नगरपालिकेचा 'एसएफआय' हा स्वीडिशचा वर्ग मोफत मिळतो. त्यात ए ते डी असे चार टप्पे आहेत, आणि शिकलेल्या माणसाला सहसा वरच्या वेगाच्या मार्गात घालतात. जायच्या आधी वरचं क्रियापदाचं प्रकरण, सर्वनामं आणि चाळीस नामं झाली असतील तर तिथे सुरुवातीचे टप्पे पटकन सुटतात. वाचायला 'ओता सीदूर' हे सोप्या स्वीडिशमधलं वर्तमानपत्र घ्या. रोज एक बातमी, आणि प्रत्येक वाक्यात क्रियापदाखाली रेघ मारून बघायचं, आधी किती तुकडे आहेत. एकच तुकडा असायला हवा. दोन दिसले तर ते उपवाक्य आहे, किंवा तुम्ही तुकडा चुकीच्या जागी तोडलाय.